नाच बसविणाऱ्याची मजुरी

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे एकेकाळच्या जमीनदारीचे गाव. भोवती जंगल, धानाच्या बांध्या, बोड्या, आणि थोड्याच अंतरावर छत्तीसगडची हद्द. या मुलखात अन्नाचा दुष्काळ अनेकदा पडला असेल, नाचाचा कधी पडलेला नाही. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, गोवारी ढाल घेऊन नाचतात आणि रात्री दंडार उभी राहते. गोंड वस्त्यांमध्ये लग्नाला नि सणाला ढोलाच्या तालावर फेर धरला जातो. धान घरात आले की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने आणि मागोमाग प्रजासत्ताक दिन. मंत्री किंवा अधिकारी आला तर त्याला फाटकापासून व्यासपीठापर्यंत नाचत नेण्याची चालही आता पक्की झाली आहे. एवढा नाच जेथे होतो, तेथे नाच शिकविणे आणि बसविणे हा कोणाचा पोटापाण्याचा उद्योग आहे असे विचारले तर मात्र कोणाचे नाव पुढे येत नाही. शिंपी आहे, सुतार आहे, मांडववाला आहे, लाऊडस्पीकरवाला आहे. त्यांचे दर ठरलेले आहेत. ज्याच्यामुळे मांडवात लोक जमतात त्याचा दर ठरलेला नाही.

मराठीत या कामाला क्रियापद आहे, कर्त्याला नाव नाही. नाटक बसवितात तसाच नाचही बसवितात. परंतु नाटक बसविणाऱ्याला दिग्दर्शक म्हणतात आणि त्याचे नाव जाहिरातीत छापतात. नाच बसविणारा नुसताच ‘बसविणारा’ राहतो. नृत्यदिग्दर्शक हा शब्द चित्रपटाबरोबर रूढ झाला आणि बहुतांशी तेथेच राहिला. ‘डान्स मास्तर’ म्हटले की त्यात थोडी थट्टा मिसळलेली असते, आणि ‘नाच्या’ ही तर उघड शिवीच. ज्या कामाला समाज मान देत नाही त्याला सरकारी पदयादीत जागा मिळत नाही. पदयादीत जागा नाही म्हणून समाजातही मान येत नाही. हा फेरा मोडणे हे कलारसिकांचे काम आहे अशी समजूत करून घेऊन श्रमिकांच्या चळवळीने हा प्रश्न आजवर बाजूला सारला. वास्तविक हा रसिकतेचा प्रश्न नव्हेच. एका विशिष्ट कौशल्याचे काम समाज नियमाने करून घेतो आणि त्याची मजुरी देत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि अशा व्यवहाराला समाजवादी परिभाषेत वेठ म्हणतात.

आरंभ शाळेपासून करणे सोयीचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत असे म्हटले आहे की, सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. कलेत चित्र येते, गाणे येते आणि नाचही येतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर चित्र-शिल्पादी कलांच्या बरोबरीने संगीत, नृत्य आणि नाट्य यांना दहावीपर्यंत स्थान असावे अशी भूमिका घेतली होती. महाराष्ट्रात मात्र कलाशिक्षक म्हणजे चित्रकलेचा शिक्षक हे समीकरण इतके रुळले आहे की त्यात काही उणे आहे असे कोणाला वाटत नाही. चित्रकला शिक्षकासाठी कला संचालनालयाची पदविका आहे, ग्रेड परीक्षा आहेत, त्या शिक्षकांची संघटना आहे. नृत्याच्या बाबतीत यांपैकी काहीच नाही. चित्रकला शिक्षकांच्याच जागा जेथे रिकाम्या राहतात तेथे नृत्यशिक्षकाचा विषय काढणाऱ्याला लोक हसतील, हेही खरे आहे. तथापि हसणाऱ्यांनी एवढे सांगावे की स्नेहसंमेलनातील पंधरा नाच तर दरवर्षी होतात, ते बसवितो कोण?

देवरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि त्याच्या कक्षेत शासकीय तसेच अनुदानित आश्रमशाळा चालतात. आश्रमशाळांच्या स्पर्धा असोत वा वरिष्ठांची भेट असो, ‘पारंपरिक आदिवासी नृत्य’ हा कार्यक्रमपत्रिकेतील न चुकणारा विषय. आश्रमशाळेत शिकविणारे पुष्कळ शिक्षक बाहेरगावचे असतात. त्यांना गोंडीही येत नाही आणि रेलाचा फेर कोणत्या पायाने उचलायचा हेही ठाऊक नसते. ते अनेकदा भ्रमणध्वनीवरील चित्रफीत पाहून कोठल्यातरी चित्रपटातील ‘आदिवासी नाच’ मुलांकडून करवून घेतात. गोंडांच्या मुलांनी मुंबईच्या स्टुडिओत कोणी कल्पिलेला गोंडांचा नाच शिकावा, असा हा विपरीत प्रकार आहे. जेथे एखाद्या शिक्षकाला याची लाज वाटते तेथे तो स्वयंपाकघराकडे जातो. आश्रमशाळेच्या पदयादीत स्वयंपाकी असतो, कामाठी असतो. ही माणसे बहुधा आसपासच्या गावांतील असतात आणि खरा नाच त्यांना येतो. भांडी घासून झाल्यावर कामाठी बाई मुलींना फेर शिकविते, गाणे सांगते, ज्या मुलीचा पाय चुकतो तिला बाजूला घेऊन पुन्हा पुन्हा घोकून घेते. कार्यक्रम पार पडतो, मुख्याध्यापकाची पाठ थोपटली जाते, आणि बाई परत चुलीपाशी जाते. तिच्या सेवापुस्तकात या कामाची नोंद करायला रकानाच नाही. अध्यापन म्हणजे काय याची कोणतीही व्याख्या घेतली तरी त्या संध्याकाळी त्या शाळेत जे एकमेव खरे अध्यापन झाले ते तिने केलेले असते.

हे सांगितले की एक आक्षेप हटकून येतो, आणि तो आपल्या बाजूच्या माणसांकडूनही येतो. लोकनृत्य हे उत्स्फूर्त असते, ते कोणी ‘शिकवीत’ नाही, मूल आईच्या कडेवरच ते शिकते. त्याला वेतन लावले की त्याचा आत्मा जाईल. आक्षेप भावनेने बरा असला तरी माहितीने कच्चा आहे. गोंडांची स्वतःची परंपराच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. पहांदी पारी कुपार लिंगो हा त्यांचा आद्य धर्मगुरू. गोटूलची संस्था त्याने घालून दिली असे मानतात, आणि तो एकाच वेळी अठरा वाद्ये वाजवीत असे अशी कथा आहे. धर्माचा संस्थापकच ज्या समाजात वाद्य नि नाच शिकविणारा ठरतो, त्या समाजाला शिकविण्याचे मोल कळत नव्हते असे म्हणणे धाडसाचे आहे. शेजारच्या सालेकसा तालुक्यात कचारगडला माघी पौर्णिमेस जी यात्रा भरते तिला येणारे हजारो लोक याच गुरुपरंपरेला नमस्कार करण्यासाठी येतात. गोटूल ही पोरापोरींनी रात्री जमायची नुसती जागा नव्हती. वडीलधाऱ्या पोरांनी धाकट्यांना वळण लावायचे, गाणी घोकून घ्यायची, फेर पक्का करून घ्यायचा, अशी ती रीतसर पाठशाळा होती.

मग त्या काळी शिकविणाऱ्याला वेतन का नव्हते? त्याचे उत्तर आत्म्यात नसून जमिनीत आहे. शिकविणाऱ्याला पोटासाठी आपला वेळ विकावा लागत नव्हता. जंगल गावाचे होते, मोह, चार आणि कंदमुळे त्यातून येत. गावाच्या जगण्यात त्याचा वाटा होताच, निराळा पगार कशाला? इंग्रजांच्या वनकायद्यांनी त्या जगण्याला पहिली कात्री लावली. १९५१ मध्ये जमीनदारी गेली. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा त्याचाच भाग. जमीनदार गेला खरा, पण त्याचे जंगल रयतेकडे न येता वनखात्याकडे गेले. तेव्हापासून नाच जाणणारा माणूस रोवणीला जातो, मे महिन्यात तेंदूपानांच्या फळीवर पुडे मोजून देतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर परमुलखात कामाला जातो. त्याची संध्याकाळ आता त्याची राहिलेली नाही. ज्या दिवशी त्याचा वेळ बाजारात विकाऊ झाला त्याच दिवशी त्याच्या शिकविण्याला किंमत लावणे न्यायाने आवश्यक झाले. बाकी सगळ्या वेळेचे पैसे मोजायचे आणि नाच शिकविण्याच्या वेळेपुरते मात्र उत्स्फूर्ततेचे गोडवे गायचे, ही ढोंगबाजी आहे.

झाडीपट्टीची रंगभूमी हा या भागातला एक असा व्यवसाय की जेथे कलेचे पैसे मिळतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचे केंद्र. दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकमंडळ्या रात्ररात्र प्रयोग करतात, आणि परशुराम खुणे यांच्यासारख्या नटाला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यामुळे या रंगभूमीचे नाव पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांनाही ऐकू आले. नाटकात मधूनमधून नाच हवाच. प्रेक्षक त्यासाठी हटून बसतो. परंतु हंगाम चार-पाच महिन्यांचा. करार बोलाचाली, मोबदला रात्रीच्या हिशेबाने. ज्या रात्री प्रयोग त्या रात्री नाचणारीला पैसे; पण तो नाच आठ दिवस खपून जो बसवितो त्याला बहुधा एकदाच काहीतरी हातावर ठेवले जाते आणि पुढे हंगामभर तो नाच त्याच्याविना चालतो. २०२० मध्ये महामारीने प्रयोग बंद पडले तेव्हा ही माणसे कोणत्या यादीत आहेत हेच शासनाला ठाऊक नव्हते. ती शेतमजुरांत मोजायची की कलावंतांत?

दुसरा मार्ग शास्त्रीय नृत्याचा. देवरीवरून जाणाऱ्या महामार्गाने रायपूरच्या दिशेने निघाले तर छत्तीसगडात शिरल्यावर आडवाटेला खैरागड लागते. एका लहान संस्थानाच्या राजाने आपला राजवाडा देऊन १९५६ मध्ये तेथे संगीत आणि कलांचे विद्यापीठ उभे केले. दिवंगत मुलीच्या नावाने ते इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते. कथक आणि भरतनाट्यम् यांच्या पदव्या तेथे मिळतात. चिचगडच्या मुलीला मुंबईच्या नालंदा महाविद्यालयापेक्षा किंवा पुण्याच्या ललित कला केंद्रापेक्षा हे विद्यापीठ कितीतरी जवळ आहे. अंतर हा काही अडथळा राहिलेला नाही. अडथळा पदवी घेऊन परत आल्यावरचा आहे. परत येऊन ती काय करणार? शाळेत पद नाही. तेव्हा तिने गोंदियाला किंवा नागपूरला भाड्याच्या खोलीत वर्ग काढावा, मासिक शुल्क घ्यावे, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुली बसवाव्यात, हीच वाट.

या वाटेची निंदा करण्याचे कारण नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली तेव्हा मध्यमवर्गीय घरातील मुलीने कथक शिकणे हेच मोठे धाडस होते. त्यांनी आणि त्यांच्या पिढीने नृत्याला महाराष्ट्रात अभ्यासाची प्रतिष्ठा मिळवून दिली. मालवणात जन्मलेल्या पार्वतीकुमारांनी तंजावरच्या सरफोजी राजांच्या मराठी नृत्यरचनांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. हे काम थोर आहे. परंतु या प्रतिष्ठेची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. जी कला सभ्य ठरली ती ज्यांच्या हातून आली त्या देवदासी आणि त्यांना शिकविणारे नट्टुवनार मात्र सभ्य ठरले नाहीत. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने एका क्रूर प्रथेला बंदी घातली हे योग्यच झाले. त्या स्त्रियांपाशी जी विद्या होती तिच्या बळावर त्यांना शिक्षिका म्हणून उभे करावे, हे मात्र कोणाला सुचले नाही. विद्या वरच्या वर्गाने उचलली, विद्यावंतीण खाली राहिली. लोकनृत्याच्या बाबतीत आज तेच घडते आहे. शहरातील ‘लोकनृत्य’ स्पर्धांत बक्षिसे घेणारे गट आणि त्यांचे प्रशिक्षक यांच्यात ज्यांचा तो नाच आहे त्यांची मुले क्वचितच सापडतात.

दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय नृत्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास वाढीव गुण मिळतात. लोककलेसाठीही तरतूद आहे, पण प्रमाणपत्र शासनमान्य संस्थेचे हवे. कामाठी बाईकडे शिकलेल्या मुलीला ते देणार कोण? शुल्क भरून वर्गाला जाऊ शकणाऱ्या मुलीला गुण, आणि वस्तीत बाराही महिने नाचणाऱ्या मुलीला शून्य, असा हा समानतेचा हिशेब.

शहरातील वर्ग चालविणाऱ्या शिक्षिकाही काही सुखात नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. बहुसंख्य शिक्षिका घरातील स्त्रिया. त्यांच्या कामाला घरचेच ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणतात. पन्नाशीत गुडघे जातात. भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, बाळंतपणात वर्ग बंद तर उत्पन्न बंद. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत समूहनर्तकांनी संघटना बांधली म्हणून त्यांना दर तरी ठरवून घेता आले. सरोज खान यांच्यासारखी बाई लहानपणापासून समूहात नाचून, वर्षानुवर्षे सहायक राहून, १९७४ मध्ये प्रथम स्वतंत्र नृत्यदिग्दर्शक झाली. नृत्यवर्गाच्या शिक्षिकांची अशी संघटना नाही, आणि चिचगडच्या दंडारीतल्या शाहिराशी आपले काही नाते आहे असे त्यांनाही वाटत नाही. दोघांचा मालक वेगळा दिसतो, म्हणून दोघांची स्थिती एकच आहे हे दिसत नाही.

शासन काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते वृद्धापकाळी करते. साहित्यिक आणि कलावंतांच्या मानधनाची योजना महाराष्ट्रात १९५० च्या दशकापासून चालू आहे, तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि २०२४ मध्ये मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. पाच हजार हे पाचशेपेक्षा बरेच. पण ज्या माणसाला तरुणपणी मजुरी दिली असती तर म्हातारपणी मानधनासाठी तालुक्याच्या खेपा घालाव्या लागल्या नसत्या, त्याच्यावर ही मेहेरबानी कशाला? नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रामार्फत गुरु-शिष्य परंपरेची योजना राबविली जाते. तिच्यात गुरूला दरमहा ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० अशी विभागणी ठरविण्यात आली होती. कल्पना नेमकी योग्य आहे: शिकविणाऱ्याला आणि शिकणाऱ्यालाही पैसे. परंतु अशा योजनेत गुरू किती, आणि गावे किती! शिवाय अर्ज करण्यासाठी जी कागदपत्रे लागतात ती गोळा करण्याचे कौशल्य नाचाच्या कौशल्याहून अवघड आहे.

पुरस्काराने तर पोट भरतच नाही. हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’मधील गोविंदराम निर्मलकर हे सरहद्दीपलीकडच्या राजनांदगाव भागातले नाचा कलावंत. ‘चरणदास चोर’ या १९७५ च्या नाटकाने १९८२ मध्ये एडिंबरो गाजविले. निर्मलकरांनी पुढे त्यातील चरणदास रंगविला. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१२ मध्ये ते गेले तेव्हा अखेरची वर्षे आजारपण आणि ओढगस्त यांतच गेली होती. आणि ज्या गोवाऱ्यांच्या नाचावाचून या जिल्ह्यात मंडई भरत नाही, त्यांच्यापैकी ११४ माणसे २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात आपला हक्क मागताना चेंगरून मेली. ढाल घेऊन नाचणारा गोवारी सर्वांना हवा आहे; निवेदन घेऊन आलेला नको होता.

कायद्यात एक गंमत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने नृत्यरचनेला नाट्यकृतीच्या व्याख्येत स्थान दिले, म्हणजे नाच बसविणारा हा कायद्याने रचनाकार ठरतो. परंतु ती रचना लेखाने किंवा अन्य प्रकारे नोंदलेली असली पाहिजे. ज्याची रचना केवळ लोकांच्या पायांत आहे त्याला संरक्षण नाही. जो शहरी माणूस ती चित्रफितीत उतरवून घेतो त्याच्या हाती मात्र नोंद येते. जमिनीच्या सात-बाराचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

आता घरचा हिशेब. डाव्या आणि समाजवादी चळवळीने नृत्याचे मोल ओळखले नाही असे नाही. १९४३ मध्ये इप्टा स्थापन झाली. तिचे मध्यवर्ती पथक अंधेरीला एकत्र राहून शांती बर्धन यांच्या हाताखाली तालीम करी, आणि बंगालच्या दुष्काळग्रस्तांसाठी देशभर निधी जमवी. तेथे नाच बसविणे हे पूर्ण वेळचे काम होते आणि खाणेपिणे सामायिक होते. ते पथक मोडल्यावर बर्धनांनी १९५२ मध्ये लिटल बॅले ट्रूप उभी केली, माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखे हलवून ‘रामायण’ बसविले, आणि १९५४ मध्ये क्षयाने त्यांचा अंत झाला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांच्या लेखणीतून ‘महाराष्ट्र दर्शन’ आणि ‘भारत दर्शन’ गावोगाव नेले; त्यातील नृत्यांचा भार सुधा वर्दे यांच्यासारख्या कार्यकर्तीने वर्षानुवर्षे वाहिला. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके असे नट त्या परिसरातून पुढे आले. नटाला पुढे रंगभूमी होती, चित्रपट होता. नाच बसविणाऱ्यांना पुढे काय होते? त्यांचे काम सेवा मानले गेले, आणि सेवेचा मोबदला मागणे हे त्या पिढीला शोभले नसते. त्यांचा त्याग खरा होता. पण ज्यांच्या घरी दुसरी मिळकत असते त्यांनाच तो परवडतो. आज पक्षाच्या मेळाव्याला आदिवासी नृत्यपथक बोलावतात तेव्हा त्याला जाण्यायेण्याचे भाडे, जेवण आणि एक शाल देण्याची रीत आहे. मंडपवाल्याचे बिल मात्र चुकते केले जाते. मेळाव्यातील पहिला ठराव किमान वेतनाचा असतो.

बाहेरच्या जगात हे निराळे घडू शकले आहे. १९३० च्या मंदीत अमेरिकेच्या सरकारने बेकार नर्तकांना आणि नृत्यरचनाकारांना आठवड्याच्या पगारावर कामाला लावले होते. १९३६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नृत्य प्रकल्प काढला. १९३९ मध्ये तेथील काँग्रेसने तो सगळा उपक्रम पैसे तोडून बंद पाडला, हेही सांगितले पाहिजे. क्यूबाने क्रांतीनंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, कलानिदेशक तयार करणारी शाळा काढली: शेतकरी सहकारी संस्थांत आणि शेतमळ्यांवर जाऊन लोकांना नृत्य, नाट्य आणि संगीत शिकविण्यासाठी पगारी माणसे. साक्षरता मोहिमेचेच ते वर्ष. अक्षर शिकविणारा आणि नाच शिकविणारा यांना त्या लहानशा गरीब देशाने एकाच वर्षी कामाला लावले. १९८० मध्ये युनेस्कोने बेलग्रेडला कलावंतांच्या दर्जाविषयी जी शिफारस मंजूर केली तिचेही सार हेच की कलावंत हा श्रमिक आहे, आणि इतर श्रमिकांना जे संरक्षण मिळते ते त्याला मिळाले पाहिजे.

चिचगड भागासाठी मागणी काही फार मोठी नाही. देवरी प्रकल्पातील प्रत्येक आश्रमशाळेत नृत्य-वाद्य निदेशकाचे एक पद असावे. त्याची निवड गावांच्या शिफारशीवरून व्हावी आणि त्याला दहावी उत्तीर्ण असण्याची अट नसावी. कामाठी किंवा स्वयंपाकी हे काम करीत असेल तर त्याचा वेगळा भत्ता वेतनात मिळावा. सरकारी समारंभात पथक बोलाविले तर तालमीचे दिवस मजुरीचे दिवस म्हणून धरावेत, आणि बसविणाऱ्याचा वाटा नाचणाऱ्यांहून निराळा लिहावा. यातील पहिली मागणी मंत्रालयातून मान्य होण्यास काळ जाईल. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो म्हणून तेथे पेसा कायद्याचा आधार तरी घेता येतो. गोंदिया जिल्हा त्या यादीत नाही. चिचगडच्या गोंडाने काही पावलांवरच्या गोंडाहून कमी आदिवासी का असावे, याचे उत्तर नकाशा काढणाऱ्यांनी दिलेले नाही.

तथापि एक साधन हाताशी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली देवरी तालुक्यातील काही ग्रामसभांनी सामूहिक हक्क मिळविले आणि तेंदूपानांचा व्यवहार ठेकेदाराला बाजूला सारून स्वतः केला. जंगल गेले तेव्हा नाच शिकविणाऱ्याचा वाटा गेला होता. जंगलाचा काही अंश परत आला आहे, तर तो वाटाही परत देता येतो. अशा ग्रामसभेने आपल्या उत्पन्नातून गावातील एका नाच जाणणाऱ्या बाईला किंवा बुवाला पावसाळ्यापासून मंडईपर्यंत मजुरीच्या दराने संध्याकाळचे तास द्यावेत, मुलांची हजेरी ठेवावी, आणि हिशेबाच्या वहीत ती रक्कम ‘शिक्षकाचे वेतन’ या नावानेच लिहावी. बक्षीस, बिदागी, मानधन असले शब्द वहीत येऊ देऊ नयेत. तेंदूपानांचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडाशी आटोपतो आणि मंडई कार्तिकात येते. मधल्या एका ग्रामसभेत हा विषय ठेवण्यासाठी कार्यकर्त्यांना कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.